आर्लिसच्या मापाची गाडी

आर्लिस प्रुइट गेली तेव्हा तिचा टपालाचा रूट माझ्याकडे आला. त्याआधी मी तिच्या जागी बदलीवर जायचे. ती आजारी असली किंवा मुलीकडे नॉर्थ प्लॅट शहरात गेली, की तिच्या पेट्या मी भरायचे.

आमच्या वाळूच्या टेकड्यांत घरं रस्त्यापासून लांब आत असतात. टपालाची पेटी मात्र रस्त्याच्या उजव्या कडेला, खांबावर. गाडीतून न उतरता हात लांब करून पेटी उघडायची, टपाल आत ठेवायचं, झाकण लावायचं आणि पुढच्या पेटीकडे निघायचं. गाडी ज्याची त्यानं आणायची, आणि आमच्या गाड्यांची स्टिअरिंगं असतात डावीकडे. म्हणून आम्ही सगळे उजव्या सीटवर बसून गाडी हाकतो. डावा पाय मधून पलीकडे पेडलवर, डावा हात लांब करून स्टिअरिंगवर आणि उजवा हात खिडकीबाहेर. लोक हसतात. काही वर्षं असं बसलं की कंबर कामातून जाते, ते कोणाला दिसत नाही.

आर्लिस तशीच बसलेली असताना गेली. आयव्हर सँडाल यांची पेटी एका चढापलीकडे, माथा ओलांडला की लगेच होती. तिथं ती थांबली होती. मागून गुरांचा ट्रक माथ्यावर आला, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर ऊन होतं, आणि तो सरळ तिच्या गाडीवर आदळला. तिची गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. तिनं आरशात ट्रक पाहिला का, पाय पेडलपर्यंत पोचला का, हे कोणालाच सांगता आलं नाही. ट्रकचा ड्रायव्हर अंत्यविधीला आला होता. चर्चच्या मागच्या बाकावर बसला आणि कोणाशी न बोलता निघून गेला.

ही शरद ऋतूतली गोष्ट. हिवाळाभर मी तिच्या रूटवर माझी जुनी गाडी चालवली, तशीच उजव्या सीटवर बसून. तिच्या नवऱ्याची, डेल्मर यांची, पेटीही त्याच रूटवर. डेल्मर प्रुइट म्हणजे आमच्या भागात ट्रॅक्टर, पंप, पवनचक्की, काहीही बिघडलं तरी लोक ज्यांच्याकडे जातात ते. हिवाळाभर ते मला दिसले नाहीत. शेडचं दार बंद असायचं. आदल्या दिवशीचं टपाल पेटीत तसंच पडलेलं असलं, की मी त्याच्यावर नवीन ठेवून पुढे जायचे.

बर्फ वितळल्यावर एक दिवस ते पेटीपाशी उभे दिसले. मी टपाल त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी बघितलंही नाही. वाकून माझ्या पायांकडे बघत राहिले.

"पेडलवर कुठला पाय आहे?"

"डावा."

"आणि उजवा काय करतो?"

"बसून खातो," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खिडकीच्या काठावर हात ठेवून म्हणाले, "तू रोज इथं थांबतेस आणि मी खिडकीतून बघतो. असं किती दिवस बघायचं? रविवारी शेडवर ये."

"कशाला?"

"ये म्हटलं ना."

शेडमध्ये काय आहे ते मला माहीत होतं. आर्लिसनंच सांगितलं होतं. राखाडी रंगाची हायब्रिड गाडी. प्रत्येक पेटीपाशी थांबली की तिचं इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि निघताना ती बॅटरीवर आवाज न करता सरकायची. दिवसभर थांबत थांबत जाणाऱ्या माणसाला याहून काय हवं? डेल्मर तिला उजवीकडून चालेल अशी करून देणार होते. दुसरं स्टिअरिंग बसवूनही झालं होतं. डाव्या स्टिअरिंगमागे एक दातेरी चाक, उजव्यामागे एक, आणि दोन्हींवर चढवलेला पट्टा. एक फिरलं की दुसरं फिरायचं. पेडलं तेवढी राहिली होती. वासरं विकून झाली की बसवतो, असं ते म्हणाले होते. वासरं विकली जायच्या आधीच ती गेली.

रविवारी मी पोचले तर दारात त्यांची मुलगी कॉरिन उभी होती. हाताची घडी, चेहरा ओढलेला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "व्होंडा, तुला साधं 'नाही' म्हणता येत नाही का?"

"अजून त्यांनी काही विचारलंच नाही."

"विचारतील. ही गाडी मी विकायला काढणार होते. हिवाळाभर त्यांनी शेडचं कुलूप काढलं नाही. आता काढलंय, तर रात्रंदिवस तिथंच. हे ते तुझ्यासाठी करत नाहीयेत, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय, कॉरिन. मला उद्या सकाळी पेट्या भरायच्यात. माझी कंबर रात्री मला झोपू देत नाही. ते कोणासाठी का करेनात."

"मग फुकट घेऊ नकोस," ती म्हणाली. "विकत घे. नाहीतर ती गाडी जन्मभर आईचीच राहील." तेव्हा मला ती कठोर वाटली. त्याच आठवड्यात आम्ही किंमत ठरवली आणि कागद माझ्या नावावर केले.

कामाला लागण्याआधी डेल्मरनी मागच्या बाजूचा बॅटरीचा प्लग काढून खिशात टाकला. गाडीच्या पोटातून नारंगी रंगाच्या जाड वायरी जात होत्या. "या वायरींशी मस्करी नाही," म्हणाले. "आता कॉफी प्यायची. आत राहिलेला करंट उतरू दे." कॉफी पिऊन आले, मीटर लावून खात्री केली, मगच उताणे होऊन आत शिरले. पेडलं त्यांनी स्वतः घडवली होती. उजवीकडच्या पेडलांपासून डावीकडच्यांपर्यंत एक आडवा दांडा, डॅशबोर्डखालून गेलेला. इकडे पाय दाबला की तिकडचं पेडल दबायचं. उजव्या सीटसमोरची एअरबॅग आधीच काढलेली होती, कारण तिच्या जागी आता स्टिअरिंग होतं. मी वर उभी राहून पाने-पकडी देत होते.

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदा उजव्या सीटवर सरळ बसले. उजवा पाय उजव्या पेडलवर. पण माझे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. आर्लिस माझ्या खांद्याला लागायची. पेडलं तिच्या पायाच्या मापानं केलेली होती.

"पाय आहेत की पवनचक्कीचे खांब?" डेल्मर म्हणाले. "सीट मागे घे."

सीट मागे घेतली तर खिडकीतून हात पेटीइतका लांब जाईना. पुन्हा पुढे घेतली.

"चालेल," मी म्हटलं. "सवय होईल."

कॉरिन दारातून बघत होती. पेडलं ज्या दांड्यांवर बसवली होती ते कापून आखूड करता आले असते. ते डेल्मरना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मी बोलले नाही आणि तेही बोलले नाहीत.

गवताच्या कुरणात त्यांनी तेलाचे रिकामे ड्रम एका ओळीत मांडले, पेट्या म्हणून. पहिल्या दोन ड्रमपाशी मी नीट थांबले. तिसऱ्यापाशी ब्रेककडे पाय न्यायला गेले तर गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. गाडी तशीच पुढे गेली, ड्रमवर चढली आणि तो फरफटत नेल्यावर थांबली. मला काही लागलं नाही. पण माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

डेल्मर कुरणातून चालत आले. घाईनं नाही. गाडीपाशी उभे राहून त्यांनी बंपरखालच्या ड्रमकडे पाहिलं.

"मागे घे," म्हणाले. "पुन्हा कर."

"पुन्हा नाही, डॅड," कॉरिन म्हणाली. तीही धावत आली होती. "बघितलंस ना आत्ता?"

"तिला सवय नाही अजून."

"सवयीचा प्रश्न नाहीये. ती आईपेक्षा वीतभर उंच आहे. ही आई नाहीये, डॅड."

त्यांनी टोपी काढली आणि तिथंच गवतात बसले. वारा होता. एवढ्या मोठ्या कुरणात तो एकच माणूस बसलेला, आणि आम्हा दोघींना त्याच्याजवळ जायचा धीर होईना.

मग ते म्हणाले, "माप द्यायला ती जाड बूट घालून बसली होती. मी म्हटलं, काढ ते. तर म्हणते, हिवाळ्यात काय अनवाणी जाऊ?" आणि टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "टेप आण, कॉरिन. गाडीतल्या खणात आहे."

कॉरिननं टेप आणली. डेल्मर हात पुढे करत होते, पण तिनं टेप त्यांना दिली नाही. ती स्वतः गुडघ्यावर बसली, माझी टाच धरून पेडलवर नीट ठेवली आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून सीटपर्यंत माप घेतलं. एकेक माप मोठ्यानं वाचून दाखवत होती. डेल्मर खडूनं ते ड्रमच्या पत्र्यावर लिहीत होते. एक माप तिनं दोनदा वाचलं.

संध्याकाळच्या आत त्यांनी पेडलं काढून दांडे कापले. कापलेले तुकडे खाली पडले ते उचलून इतर भंगारात टाकले. पाणी पिऊन परत आले आणि वेल्डिंगला लागले.

आणखी आठवड्यानं, सोमवारपासून, गाडी रूटवर न्यायची होती. टपाल असताना दुसऱ्या कोणाला गाडीत बसवता येत नाही, म्हणून त्याआधीच्या रविवारी मी रिकाम्या गाडीनं पूर्ण रूट फिरायचं ठरवलं. डेल्मर म्हणाले, "मी येतो. पट्टा कुठं आवाज करतो का बघायला हवं." ते डाव्या सीटवर बसले, जिथं खरं तर ड्रायव्हर बसतो. त्यांच्या पुढ्यातलं स्टिअरिंग आपोआप वळत होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. पहिल्या काही मैलांत त्यांची बोटं सारखी वर उचलली जायची, मग मांडीवरच राहिली.

आर्लिसनं एवढी वर्षं हा रूट केला, पण डेल्मर त्या वाटेनं सलग कधी फिरले नव्हते. प्रत्येक पेटीपाशी थांबत ते बघत होते. एका पेटीवर रंगवलेला घोडा, एक पेटी ट्रॅक्टरच्या जुन्या सीटवर बसवलेली. "ही सगळी मंडळी तिला ओळखायची?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "यांच्यातल्या काहींना दिवसभरात तेवढं एकच माणूस दिसायचं."

सँडालच्या चढाआधी मी गाडी हळू केली. "दुसरा रस्ता आहे," मी म्हटलं. "फाट्यावरून वळून येता येतं."

"टपाल कुठून जातं?"

"इथूनच."

"मग इथूनच चल."

माथा ओलांडला. पेटी तिथं नव्हती. जमिनीत फक्त बुजवलेला खड्डा होता. पेटी खाली सपाटीवर आणली होती, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशी, आणि रस्त्याची कड भराव घालून रुंद केली होती. मी रोज तिथं टपाल टाकत होते, मला ठाऊक होतं. डेल्मरना मी सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं ते कळलं नव्हतं.

मी पेटीपाशी थांबले. इंजिन बंद झालं. सँडाल गोठ्याकडून येताना दिसले. म्हातारे, एकटे राहणारे. अंत्यविधीनंतर त्यांची आणि डेल्मरची गाठ पडली नव्हती. ते माझ्या खिडकीशी आले आणि माझ्या पलीकडे बसलेल्या डेल्मरकडे पाहून थबकले.

"आज रविवार आहे," सँडाल म्हणाले.

"गाडी तपासतोय," डेल्मर म्हणाले.

"बरं."

मग सँडाल म्हणाले, "पेटी मी इथं आणली."

"दिसलं."

"आधीच आणायला हवी होती. ती एकदा म्हणाली होती मला, आयव्हर, ही पेटी जरा खाली घे. तेव्हा जमीन गोठलेली होती. उन्हाळ्यात करू म्हटलं. मग गवत कापणी आली. राहिलं."

डेल्मर समोरच्या स्टिअरिंगकडे बघत होते. मला वाटलं, आता ते म्हणतील, चल निघू. मी पाय पेडलवर ठेवला होता.

"माझंही तसंच राहिलं," ते म्हणाले.

सँडालनी मान हलवली. मग वाकून माझ्या पायांपाशी बघितलं. "हा दांडा पलीकडेपर्यंत जातो? वाकत नाही?"

"वाकेल कसा? मधे आधार दिलाय. उतर गं जरा, दाखवू दे त्याला."

मी उतरले. दोघांची डोकी दोन बाजूंनी डॅशबोर्डखाली गेली. सँडाल काहीतरी विचारत होते, डेल्मर समजावत होते, पेडल दाबून दाखवत होते. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. माथ्यावरून एक पिकअप आला, आम्हाला लांबूनच पाहून वेग कमी केला आणि हात दाखवून पुढे गेला.

निघायच्या वेळी सँडाल म्हणाले, "सूप आहे चुलीवर. दोघांना पुरेल." माझ्याकडे बघून जरा ओशाळले. "तिघांना म्हणजे जरा..."

"मला अजून अर्धा रूट बघायचाय," मी म्हटलं. "यांना तुम्ही घरी सोडा."

उरलेला रूट मी एकटीनं केला. डेल्मरच्या घरी गाडी थांबवली तेव्हा कॉरिन ओसरीवर आली आणि डावी सीट रिकामी बघून तिचा चेहरा पडला.

"सँडालकडे थांबलेत. जेवायला," मी घाईनं म्हटलं.

"आयव्हर सँडालकडे?"

"हो."

ती आत गेली, ओव्हन बंद केला आणि दोन ताटल्या घेऊन बाहेर आली. आम्ही पायऱ्यांवर बसून जेवलो. गाडी समोर उभी होती. खाता खाता तिनं विचारलं, "खरं सांग. आई या गाडीत असती तर वेळेत निघू शकली असती?"

मी खोटं बोलू शकले असते. "माहीत नाही, कॉरिन," मी म्हटलं. "ट्रक फार जवळ होता."

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. "पण डॅडना नको सांगूस." आणि उठून माझ्या ताटलीत मांसाचा आणखी एक तुकडा वाढला.