अंगठ्याची रेघ

आमचे हे तीस वर्षं ट्रक चालवत होते आणि मी तीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात कापड कापत होते. ह्यांनी सगळा मुलूख पालथा घातला, मी घर ते कारखाना आणि कारखाना ते घर. निवृत्त झाल्यावर ह्यांनी एक जुनाट मोटरहोम, म्हणजे राहायची-झोपायची गाडी, दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली, दारात उभी केली आणि म्हणाले, आता तुझी पाळी, हिच्यातून तुला फिरवतो. गाडी आमच्या थोरल्यापेक्षा वयाने मोठी. दार उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास आला. पण मी हुरळले, खोटं कशाला बोलू.

तिचं नाव म्हातारी ठेवलं. पहिलं वर्ष तिने आमच्या कमरांचा पार भुगा केला. खालची फळी कुजली होती ती उचकटली, नवीन प्लायवूड बसवलं. इंजिन ह्यांच्याकडे, आतलं सगळं माझ्याकडे. मी गाद्यांना खोळी शिवल्या आणि खिडक्यांना पडदे, पिवळ्या कापडावर बारीक निळी फुलं. लहानपणी ताईच्या आणि माझ्या फ्रॉकला अगदी असंच कापड होतं. पाणी झिरपू नये म्हणून कडांना सिलिकॉन भरायचं कामही माझ्याकडे आलं, कारण ह्यांनी भरलेलं सिलिकॉन टूथपेस्ट सांडल्यासारखं दिसायचं. मी साबणाच्या पाण्यात अंगठा बुडवते आणि एका दमात कड ओढते. माझ्या अंगठ्यावर कात्रीने कापल्याची जुनी खूण आहे. तिची बारीक रेघ सिलिकॉनवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटते. "आली तुझी सही," हे चिडवायचे.

पहिला मुक्काम ताईकडे, हे तर ठरलेलंच होतं. ताई माझी थोरली बहीण, दोन दिवसांच्या वाटेवर राहते. तिच्या नजरेच्या मधोमध डाग वाढत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दृष्टी हळूहळू जाईल, पण जाईल. ती फोनवर म्हणायची, दिसतंय तोवर ये, आणि तुझे ते पडदे मला बघायचेत.

दुसऱ्या वर्षी, निघायला आठ दिवस उरले असताना, पलंगावर पाणी गळलं. गळती शोधायला हे शिडीवर चढून पाइपने छतावर पाणी सोडायचे, मी आत टॉर्च घेऊन बसायचे. छतावर जी छोटी खिडकी आहे तिच्या कोपऱ्यातून थेंब येत होता. छताचं प्लायवूड भिजून फुगलं होतं. ते बदललं, सगळं सिलिकॉन खरवडून नव्याने भरलं. तोवर थंडी आली आणि पुढच्या वर्षी जाऊ असं ठरलं. पुढच्या वर्षी निघायला आठ दिवस असताना पुन्हा तोच कोपरा गळला. यंदाही तेच.

मी स्वतःच्या हातांवर रागावले. आयुष्यभर ज्या हातांनी सुतभर कापड वाकडं कापलं नाही, त्यांना एक कोपरा बुजवता येऊ नये? हे पाठीवर हात फिरवून म्हणाले, जुनी गाडी आहे, मनाला लावून घेऊ नकोस. मी बसने एकटी जाऊन येते म्हटलं की म्हणायचे, महिनाभर थांब, गाडीनेच जाऊ, बसमध्ये कंबर मोडून घेशील. मी थांबले. मधल्या काळात ताई एकदा फोनवर म्हणाली, आता समोरच्याचा चेहरा कळत नाही, नुसता उजेड कळतो. मग तिने विचारलं, पडद्यांचा पिवळा कसा आहे, आपल्या फ्रॉकसारखा का?

गेल्या मंगळवारी हे केस कापायला गेले. सिलिकॉन भरताना शिडी धरायला हे असायचेच, एरवी वर चढायची मला मनाई होती, पडशील म्हणून. त्या दिवशी मी एकटी चढले. खिडकीच्या तीन बाजूंनी माझी रेघ नीट गेली होती. चौथ्या बाजूला, कोपऱ्याजवळ चार बोटं जागेत, रेघच नव्हती. तेवढं सिलिकॉन गुळगुळीत होतं, आणि ते माझं नव्हतं. नखाने उचललं तर खाली विणायची सुई जाईल एवढं गोल, सरळ भोक होतं, बाहेरून थेट आतपर्यंत.

खाली उतरून मी ह्यांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी ब्रेकच्या तारेचा वीतभर तुकडा होता. त्याला ग्रीस फासलेलं होतं आणि ग्रीसला सिलिकॉनचे पांढरे कण चिकटले होते. तार ठेवायची, वरून सिलिकॉन भरायचं, सुकलं की तार ओढून घ्यायची. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. इतकं सुबक काम ह्यांनी इंजिनात कधी केलं नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसले.

हे न्हाव्याच्या पावडरीचा वास घेऊन परतले. मी चहा पुढे ठेवला आणि बशीशेजारी तार ठेवली. त्यांनी चहाला हात लावला नाही.

"किती वेळा?" मी विचारलं.

"दोनदा. पहिल्या वेळी खरंच गळत होतं."

"उपकार झाले."

मग बशी बाजूला सारून ते सांगायला लागले. म्हातारी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हाच त्यांना पुन्हा रस्त्यावर जायचं जिवावर आलं होतं. तीस वर्षं स्टिअरिंगमागे जेवले, तिथेच झोपले. आता कुठे रोज संध्याकाळी दारात गाडी, हातात पाना आणि समोर मी. त्यांना ती दुरुस्त करायची होती, चालवायची नव्हती. पण शब्द देऊन बसले होते आणि नाही म्हणायला तोंड होईना.

मला त्यांची कीव आली असती. खरंच आली असती, ताई नसती तर.

"एकदा सांगायचं होतंत," मी म्हटलं. "मी चिडले असते, चार दिवस अबोला धरला असता, आणि पाचव्या दिवशी बसने तिच्याकडे गेले असते. तेव्हा तिला दिसत होतं."

ते म्हणाले, उद्याच निघू, भोक आत्ता बुजवतो. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. उद्या निघता येतं, म्हणजे पहिली गळती बुजवली तेव्हा, दोन वर्षांपूर्वीही निघता येत होतं. मी त्यांना भोकाला हात लावू दिला नाही. शिडी लावली, कोपरा खरवडला, सिलिकॉन भरलं, अंगठा ओढला. अर्धवट काम टाकून मला जाता येत नाही. हे खाली शिडी धरून उभे होते. सिलिकॉन सुकल्यावर दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाइप धरला, हे आत बसले. एक थेंब आला नाही. मग मी पडदे काढले, घडी करून पिशवीत भरले आणि बसस्टँडवर गेले. हे फाटकापर्यंत आले. मी मागे वळून बघितलं नाही.

ताईने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली. मी काही बोलायच्या आत तिने माझा हात धरला आणि अंगठा चाचपला. "तूच," ती म्हणाली. लहानपणी मला अंगठा चोखताना पकडायची, तशीच हसली. मी पडदे तिच्या मांडीवर ठेवले. तिने कापड गालाला लावलं, फुलं हाताला लागतात का ते बोटाने शोधलं. ती लागत नव्हती.

"गाडी तयार कधी झाली गं?" तिने विचारलं.

मागच्याच आठवड्यात, असं म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं आणि ह्यांची लाजही राहिली असती. पण एका घरात एकजण एवढं खोटं वागला, तेवढं पुरे.

"दोन वर्षांपूर्वी," मी म्हटलं.

तिने कापड गालावरून काढलं आणि मांडीवर ठेवलं.