टेकवायचं बोट

डेंटल कॉलेजच्या दवाखान्यात चाळीस खुर्च्या होत्या. आता सहा उरल्या होत्या. बाकीच्या जागी यंत्रं आली होती: रबरी गालांची डोकी आणि त्यांच्यासमोर पडदे. ‘यंत्रावरचा एक तास म्हणजे पेशंटवरचा एक तास’ असं ठरवणाऱ्या कागदावर विभागप्रमुख म्हणून सरांनीच सही केली होती. त्यांचा उजवा हात तेव्हाच थरथरू लागला होता. आपल्यामागे कोणीतरी शिकवलंच पाहिजे, मग यंत्र का होईना, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

आज खुर्चीत त्यांची थोरली बहीण होती. खालची दाढ किडलेली.

“तूच कर ना रे,” ताई म्हणाल्या.

“माझ्याकडून करून घ्यायचं तर आधी मृत्युपत्र कर. ही आमच्या शेवटच्या वर्षातली पहिल्या नंबरची पोरगी आहे. अठ्ठ्याण्णव टक्के!”

“टक्के तुलाही होते. तरी तुझा पहिला पेशंट खुर्चीतून उठून पळालाच.”

मुलगी हसली, मास्क वर ओढला आणि ड्रिल सुरू केलं. हात स्थिर होता. सर समाधानाने बघत होते, आणि मग त्यांना तिचं चौथं बोट दिसलं. ते हवेत होतं. ते शेजारच्या दातावर टेकवायचं असतं. म्हणजे पेशंटचं डोकं हललं तर हातही त्याबरोबर हलतो, ड्रिल घसरत नाही. यंत्रातलं डोकं हलत नाही. हा धडा कधी गळाला, कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

“अगं, बोट टेक...”

ताईंना ठसका लागला. ड्रिल जिभेच्या कडेत घुसलं. तोंड रक्ताने भरलं.

मुलीने ड्रिल बंद केलं. “सर, यंत्राला ठसका लागत नाही.”

“टाके घातलेस कधी?”

“पडद्यावर.”

बाकीच्या पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. टाके घालणारे जुने डॉक्टर गेल्या वर्षीच निवृत्त झाले होते. सरांनी स्वतः सुई धरली, चौथं बोट ताईंच्या दातावर टेकवलं. थरथर दातात उतरली. दातांची कडकड ऐकू आली. त्यांनी सुई खाली ठेवली, जखमेवर गॉझ दाबून धरला आणि मुलीला शेजारच्या हॉस्पिटलला फोन करायला सांगितलं.

ताईंनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. तरी ते हलतच होतं.

मुलीने फोनवर हात ठेवला. “सर, ते विचारतायत, तुमच्याकडे कोणी डॉक्टर नाही का?”

सरांनी गॉझचा दुसरा तुकडा मागितला.