ओठाला न लागलेला पेला

"काठोकाठ भर गं. देवापुढं हात आखडू नये." हनोखच्या आईचा हा आवाज अजून माझ्या चांदीत घुमतो.

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. अलिबागच्या सोनाराने मला घडवलं, एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घराने जपलं. दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लागले की भिजवलेल्या मनुकांचं शरबत माझ्यात ओतायचं, देवाचं नाव घ्यायचं, प्यायचं आणि मगच जेवायचं. नाव घेऊन न पिणं म्हणजे देवाला हाक मारून दार लावणं!

चौपन्न साली या घरचा मुलगा हनोख लाकूड-डेपोचा कारकून होऊन अहेरीला आला. बायको दिना आणि तान्ह्या लेकीसोबत मीही आलो. एका शुक्रवारी तो मजुरांबरोबर मोहाची पिऊन जंगलातच पडला. घरचे दिवे वाट पाहून विझले. शरमेने त्याने शपथच घेतली: देह म्हणजे जनावर, त्याला उपाशी ठेवायचं. मग घरात पेज आणि मीठ, दुसरं काही शिजेना. शुक्रवारी तो माझ्यावर मंत्र म्हणे आणि मला भरलेलाच खाली ठेवी. सकाळी माझ्यात मुंग्या तरंगत.

माझा नुसता संताप होई. अरे, हाव तुझी, आणि शिक्षा दिनाच्या ताटाला? ज्याने मनुकेत गोडी घातली, त्याच्यावरच रुसलास? शब्बाथच्या दिवशी उपास करायला तुला सांगितलं कुणी? दिना तीच पेज पिऊन लेकीला अंगावर पाजत होती. तिचं दूध आटत चाललं होतं.

चाळीस दिवस झाले. त्या शुक्रवारी दुपारी शेजारची रुखमाबाई प्राणहिता नदीतला रोहू मासा घेऊन आली.

"तुमच्या धरमात खवल्याचाच मासा चालते ना, दिनाबाई? म्हून खवल्याचाच आणला."

"परत न्या," हनोख म्हणाला. "उपाशी देहात आत्मा हलका होतो."

"आत्मा हलका होऊन राह्यला, भाऊ, पर पोरगी बी हलकी होऊन राह्यली ना! एकडाव उचलून तं पाहा."

मासा उंबऱ्यावर ठेवून ती तरातरा निघून गेली. दिनाने तो उचलला आणि दिवस बुडायच्या आत, कुणाला न विचारता, चुलीवर चढवला.

मित्रांनो, मला चिंचेने घासून फळीवर मांडू नका. मी भरायला आहे आणि रिकामा व्हायला आहे.

दिवे लागले. हनोखने मंत्र म्हटला, मला खाली ठेवू लागला. दिनाने त्याचं मनगट धरलं. शरबत तिच्या बोटांवर सांडलं.

"अहो, मला भूक लागलीय," ती म्हणाली. "चाळीस दिवस झाले, मला भूक लागलीय."