भरवशाचा आकडा

२००८ साली दोन पतसंस्था एक झाल्या आणि गोंदियाच्या मुख्य कार्यालयात अल्का मेश्रामच्या टेबलाशेजारी हिमांशु बिसेनचं टेबल लागलं. एका संस्थेचं नेटवर्क अल्कानं उभं केलेलं, दुसरीचं हिमांशुनं. पुढे दोघांपैकी एकालाच ठेवतील, ही कुजबुज चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती. दोघं एकमेकांशी गोड बोलत आणि उठताना आपापल्या संगणकाचा पडदा बंद करून उठत.

कचारगडच्या जत्रेनंतर आमगाव शाखेतून तक्रारी सुरू झाल्या. पासबुक छापायला घेतलं की मशीन नुसतं बसून राहतं. आमगावची लाइन अल्काची. अध्यक्ष केशोरावांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, जुनं सामान आता काढून टाकायचं का? हिमांशु खाली मान घालून बसला होता. ती खाली घातलेली मानच अल्काला खटकली.

तिनं शोध घेतला. सालेकसा शाखेला दोन वाटा होत्या: आमगाववरून येणारी तिची जुनी, हळू लाइन आणि टॉवरवरून थेट येणारी हिमांशुची नवी. जुन्या वाटेची खबर रिप नावाची पद्धत राउटरला, म्हणजे माहितीची वाट निवडणाऱ्या यंत्राला, द्यायची, नवीची ओएसपीएफ. दोन्हींकडून खबर आली की कोणावर विश्वास ठेवायचा, हे राउटर एका आकड्यावरून ठरवतो. आकडा लहान, तर भरवसा मोठा. ओएसपीएफचा एकशे दहा, रिपचा एकशे वीस; म्हणजे सालेकसाचं काम नव्या वाटेनंच जायला हवं. पण मुख्य कार्यालय आणि सालेकसा, दोन्ही टोकांना कोणीतरी रिपचा आकडा शंभर केला होता. नवी वाट चालू असून सालेकसाचाही सगळा भार अल्काच्या आमगावच्या लाइनवर पडत होता.

पासवर्ड दोघांकडेच. आपली लाइन कोंडून आपल्याला घरी बसवायचा डाव आहे, अशी तिची खात्री झाली. त्याच्या शेजारी बसून आकडा बदलला असता तर त्याला लगेच दिसलं असतं. आईची तब्येत सांगून सुटी घेतली आणि सालेकसाची गाडी पकडली.

शाखेतले पुनाराम तिला पाहून चकितच झाले. "बिसेन साहेब बी असेच आले होते, जत्रेच्या आधी. कोनाले सांगू नका म्हने," ते म्हणाले. "तुमी काऊन आल्या?"

अल्का थेट राउटरकडे गेली. दोन्ही टोकांचा आकडा पूर्ववत एकशे वीस केला. काम नव्या वाटेनं वळलं. ती मनातल्या मनात हसत होती, तेवढ्यात काउंटरवरची कुंदाबाई ओरडली, की खातं उघडतच नाही. अल्कानं तपासलं. छोटे निरोप सुरळीत जात होते, म्हणून राउटरला वाट धडधाकट दिसत होती. मोठी माहिती मात्र टॉवरवरच गळून पडत होती. बचत गटाच्या बाया रांगेत ताटकळत होत्या. तिनं मुकाट्यानं आकडा पुन्हा शंभर केला. रांग हलली.

दुसऱ्या दिवशी तिनं हिमांशुला जिन्यात गाठलं.

"तुझी लाइन खराब आहे आणि बोलणी मी खाऊन राहिली."

त्याचा चेहरा उतरला. "दुरुस्तीची कोशिश करून राहिलो, मॅडम."

"मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पहिले केशोरावांकडे गेल्या असत्या."

अल्का खरंच गेली असती. आणि आत्ताही तिचे पाय तिकडेच ओढत होते.

ती गेली, पण त्याला सोबत घेऊन. हिमांशुनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पुढे टॉवरवाल्यांना बोलावून दोष काढला, आकडा जागेवर आला, आमगावचं पासबुक छापू लागलं. केशोरावांनी दोघांनाही ठेवलं, आणि आकडा बदलायचा तर दोघांनी मिळून, असं बजावलं.

तरी रोज सकाळी आल्या आल्या अल्का त्याच्या राउटरांवर नजर टाकते. तिच्या राउटरांवरही कोणीतरी आधीच येऊन गेलेलं असतं.