दोन बॉक्सच्या मधला आवाज

वालूरच्या सोमेश्वरला दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, आपल्या साउंडच्या बॉक्सचा आणि दुसरा, आपल्या आईच्या, गौराबाईंच्या गळ्याचा. दोन्हींत कुणी खोट काढलेली त्याला खपत नसे. पण या दोघांतच जुंपली तर आपण कुणाची बाजू घ्यायची, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. तो पडला महादेवाच्या मंदिरात, सोमवारच्या भर भजनात.

त्याच्या आदल्या दिवशी त्यानं परभणीहून आणलेलं नवं सामान बॉक्समध्ये घातलं होतं. बॉक्सच्या पोटात क्रॉसओव्हर नावाची एक पट्टी असते. जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज छोट्याला वाटून द्यायचं काम तिचं. सोमेश्वरनं तिच्यावरचे जुने कपॅसिटर उपटले, कॉइल बदलली, वायरीही सगळ्या नव्या ओढल्या, चांगल्या जाडजूड. एका बॉक्सच्या मागे प्लसच्या नटावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. दुसऱ्याला देणार, तेवढ्यात चहाची हाक आली.

चहा पिऊन येतो तर दोन्ही बॉक्सची पूजा झालेली. घरात नवं काही आलं, की गौराबाई त्याला भस्म-कुंकू लावल्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत, मग ती मोटरसायकल असो की मिक्सर. सोमेश्वरनं हात जोडले, लाल ठिपके बघून वायरी आवळल्या आणि गडी खूश झाला.

सोमवारी गौराबाईंनी सूर लावला आणि बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आवाज पोकळ येत होता. त्यातली भरीव खर्जाची बाजू कुणी काढून नेली होती म्हणा ना. कुसुमबाईंनी तर भजन थांबल्यावर विचारलंच, "गौराबाई, घसा बसलाय का?"

सोमेश्वरची खुर्ची उजव्या बॉक्सला खेटून. तिथं सगळं झकास ऐकू येत होतं. त्यामुळे आईनं जवळ येऊन विचारलं, "सोमा, काई बिघडलंय का रे?" तेव्हा त्यानं छाती फुगवून सांगितलं, "बिघडतंय कुठं, माय? पार्ट लय भारी हायेत. आवाज जसा हाय तसा दाखवायलेत."

बोलला आणि वायर गुंडाळायला लागला. गौराबाईंनी टाळ पिशवीत ठेवले.

"असा असंल तर पुढल्या सोमवारपासून मागं बसती ती बबिता म्हणंल," त्या म्हणाल्या आणि घराकडे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्या गुणगुणल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. एवढ्या वर्षांत हे कधी झालं नव्हतं. सोमेश्वरला घास गोड लागेना, पण पार्टांवर संशय घ्यायलाही जीव होईना. शेवटी महेश्वरीच, म्हणजे त्याची बायको, कडाडली.

"अहो, तुमी बसता बॉक्सला चिकटून. आमी बायका बसतो मधी. एकदा मधी येऊन ऐका की!"

दुपारी मंदिर रिकामंच होतं. सोमेश्वरनं बॉक्स मांडले, माईक महेश्वरीच्या हातात दिला आणि स्वतः बरोबर मधोमध मांडी घातली. महेश्वरीचा आवाज असा, की तिनं घरात भांडण काढलं तर वेशीवर कळतं. तोही पोकळ आला. सोमेश्वर उठूनच उभा राहिला. म्हणजे आईच्या गळ्याचा काही संबंधच नव्हता.

मग त्यानं जुने कपॅसिटर परत लावून बघितले. तसंच. मग नवेच पुन्हा बसवले. डावा बॉक्स बंद केला, उजवा एकटा गाता झाला. उजवा बंद केला, डावाही एकटा ठणठणीत. दोन्ही मिळून लावले, की आवाज गायब. आता त्याच्या डोक्यात उजेड पडला. एक बॉक्स हवा पुढं ढकलतोय आणि दुसरा त्याच वेळी मागं ओढतोय, दुसरं काय असणार? त्यानं मंदिरातल्या घड्याळाचा पेन्सिल सेल काढला आणि त्याचं प्लसचं टोक ठिपक्याच्या बाजूला धरून दोन्ही बॉक्सना टेकवून पाहिला. एकाच्या स्पीकरचा पडदा बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला.

दुसऱ्या बॉक्सवरचा ठिपका त्यानं अंगठ्यानं चोळला. ठिपका पुसला गेला आणि अंगठा लाल झाला. नेलपॉलिश त्यानं तिथं लावलंच नव्हतं. ते आईचं कुंकू होतं, नेमकं मायनसवर.

महेश्वरी हसून हसून खाली बसली. सोमेश्वरला हसू आलं नाही. वायरी उलटवायला एक पाना पुरला. पण आईला जे बोललो, त्याला कुठला पाना लावायचा? कुंकवानं ते वाक्य बोललं नव्हतं, आपणच बोललो होतो. त्याला स्वतःची लाज वाटली. कुंकवाचं नाव काढायचं नाही, एवढं त्यानं बायकोकडून कबूल करून घेतलं.

"माय, चूक माझी हाय," घरी येऊन तो म्हणाला. "वायर उलटी जोडली मी. तुझा आवाज चांगला हाय."

"मन राखायला बोलायलास."

"न्हाई गं. महेश्वरीचा बी तसाच पडला."

गौराबाईंनी परातीतला हात थांबवला. "तिचा बी?"

"आईशप्पथ."

"मग बिघाडच असंल," त्या म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी त्या आपल्या जागी बसल्या. सूर लागला आणि मंदिर भरून गेलं. कुसुमबाईंनी मान डोलावली, बबितानं मागून साथ धरली. सोमेश्वरचे डोळे भरून आले. मग ओळ वर चढली आणि शेंड्याला आवाज चिरकला. नवे पार्ट खरंच भारी होते. ती चीर शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेली.

ती झाकायला सोमेश्वरचा हात आपोआप साउंडच्या मिक्सरवरच्या आवाजाच्या बटणावर गेला. गौराबाईंनी समोरून ते पाहिलं. टाळ थांबवून त्या माईकमध्येच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे सोमा. ते माझं हाय."

आणि त्यांनी तीच ओळ पुन्हा वर नेली.