म्हसळ्याची मदत

सौदीतल्या अल खफजीत एसी दुरुस्त करणाऱ्या सिराजुद्दीनने वेबसाइट काढली आणि तिची इंटरनेटवर जाहिरात लावली, ती बायको-मुलीसाठी. दोघींच्या इकाम्याची, म्हणजे तिथं राहायच्या परवान्याची, फी त्याला झेपेनाशी झाली होती. उन्हाळ्यात कामं मिळाली तर बदरुन्निसा आणि उमामा इथेच राहणार, नाही तर सुट्टीत गावी जाणार, त्या कायमच्याच.

जाहिरात लागल्याची बातमी त्याने मोठ्या कौतुकाने म्हसळ्याच्या घरच्या ग्रुपवर टाकली आणि तिथेच घात झाला. जाहिरातीवर कुणी क्लिक केलं की कंपनी पैसे कापते, हे सांगायचं राहूनच गेलं. 'खफजी एसी रिपेअर' असं शोधणाऱ्या कुणालाही ती दिसायची, मग तो म्हसळ्यात का बसलेला असेना. सकाळचा चहा झाला की सगळा गोतावळा फोन काढून मदतीला लागायचा. मुंबईच्या भाच्या, पुण्याचे जावई, कुणी मागे राहिलं नाही. अम्मी तर चष्मा पुसून बसायची. खफजी जागी होईपर्यंत जाहिरातीचे त्या दिवसाचे पैसे खलास आणि जाहिरात गायब. वेबसाइटवर माणसांची रीघ लागली होती आणि दुकानातला फोन वाजत नव्हता.

कारण कळलं तेव्हा सिराजुद्दीनने डोक्याला हात लावला. चिडायचं तरी कुणावर? त्याने चाचांना फोन लावला.

"चाचा, सगळ्यांना सांगा, माझ्या जाहिरातीवर दाबू नका. दर वेळी पैसे माझ्या खिशातून जातात."

"असं होय," चाचा म्हणाले. "आणि तुझ्या खाली तो रहमतुल्ला एसीवाला दिसतो, त्याच्यावर दाबलं तर?"

"त्याच्या खिशातून जातील."

"बरं," म्हणून चाचांनी फोन ठेवला.

त्या 'बरं'चा अर्थ सिराजुद्दीनला कळला होता. पण त्याने चाचांना थांबवलं नाही. पुढच्याच आठवड्यापासून कामं इतकी आली की जेवायला सवड होईना. बदरुन्निसाने भरायला घेतलेली बॅग रिकामी करून पुन्हा माळ्यावर टाकली. सिराजुद्दीन अल्लाचे आभार मानत राहिला, चाचांचा विषय टाळून.

मग एका दुपारी रहमतुल्ला स्वतः दुकानात आला. लखनौकडचा माणूस, धंद्यात सिराजुद्दीनपेक्षा जुना. फोन पुढे करून म्हणाला, "सिराजभाई, साइट पर रोज इतने लोग आते हैं, काम एक नहीं आता. आपका कैसे चलता है? ज़रा देख लो ना." बोलता बोलता सांगून गेला, बायको-मुलांची गावी परतायची शुक्रवारची तिकिटं काढली आहेत.

सिराजुद्दीनला स्वतःची लाज वाटली. गप्प बसला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं, आणि उन्हाळा अजून बराच बाकी होता.

"वो लोग मेरे हैं," तो म्हणाला. "आपकी साइट पर जो आते हैं. सब मेरे घरवाले हैं."

रहमतुल्लाने पुढे केलेला फोन मागे घेतला.

"सब?"

"अम्मी भी."

"लगाओ घर पे फोन," रहमतुल्ला म्हणाला. "मेरे सामने."

सिराजुद्दीनने आधी अम्मीला लावला, स्पीकरवर. रहमतुल्लाची साइट उघडायची नाही, असं सांगितलं.

"चाचांनी सांगितलं म्हणून उघडायचे रे," अम्मी म्हणाली. "आता नाही उघडत. पण त्याच्या दोन पोरी आहेत ना फोटोत, दुकानासमोर उभ्या, फार गोड आहेत. त्यांना बघायला मी दिवसातून तीन-चारदा जायचे."

रहमतुल्लाला मराठी येत नव्हती.

"क्या बोल रही हैं?" त्याने विचारलं.

सिराजुद्दीनने तेही सांगितलं.