गुलाबाकडची माणसं

बागा करून देणं हा आमचा धंदा. आमचा म्हणजे वहिनीचा. मी टेम्पो चालवतो, खड्डे खणतो आणि कुरकुरतो. वहिनीचं रोपांचं वेड मी समजू शकतो, पण तिचा एक नियम माझ्या डोक्यात जायचा. बाग पुरी झाली की तिथंच जेवण घालायचं, आणि त्या बागेला ज्यांचे ज्यांचे हात लागले ते सगळे जेवायला आले पाहिजेत. फरशी घडवणारे, कुंड्या भाजणारे, रोपांच्या पिशव्या भरणारे, सगळे. मालक नाही आला तरी चालेल.

"लग्न आहे का कुणाचं?" मी एकदा वैतागून विचारलं.

"मालकाला विचारलं की तो सांगणार, आमच्याकडे सगळे मजेत आहेत," वहिनी म्हणाली. "जेवायला बोलावलं की खरं कळतं. ज्याला एक दिवस जेवायला यायची मोकळीक नाही, त्याच्या हातचं रोप मला नको."

यंदा काम मोठं होतं, एका इस्पितळाची बाग. अर्धे गुलाब लावून झाले होते, अर्धे यायचे होते. गुलाबवाला नवीन होता. रोपं बघत राहावीत अशी, आणि स्वस्त. स्वस्त म्हटल्यावर मी खूश झालो आणि वहिनीच्या कपाळाला आठी पडली.

रोपं भरायला गेलो तेव्हा आमंत्रणही मीच दिलं. एक मावशी खाली बसून डोळे भरत होत्या. म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडाला चीर द्यायची आणि त्यात चांगल्या गुलाबाचा डोळा बसवून वर पट्टी बांधायची. हात झरझर चालले होते.

"कुठं आहे बाग?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं. हातातली सुरी थांबली.

"माझी लेक तिथंच राहते. बसनं तासाभराच्या आत पोचेन. नातू चालायला लागला म्हणे. मी अजून पाहिलाच नाही त्याला."

"मग जाऊन या की सुट्टीच्या दिवशी!"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. भर दुपारी फाटकाला आतून कुलूप होतं आणि किल्ली मुकादमाच्या कमरेला. "बघू," म्हणाल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

घरी येऊन मी हे सांगितलं तशी वहिनीनं हातातला चहा बाजूला ठेवून गुलाबवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे कारणांना तोटा नव्हता. आमची माणसं लाजाळू आहेत. त्यांना बस लागते. शिवाय त्यांची पोटं बिघडली आहेत.

"सगळ्यांची एकदम?" वहिनीनं विचारलं. "मग असं करू. पाहुणे नाहीत, तर उरलेले गुलाबही नकोत."

मी कपाळावर हात मारून घेतला. इस्पितळाच्या दारातच अर्धे वाफे रिकामे दिसणार होते. वहिनीनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं आणखी कुणाला तरी फोन लावला आणि दार ओढून घेतलं.

गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून गुलाबवाला शेवटी माणसं पाठवायला तयार झाला. जेवणाच्या दिवशी फरशीवाले आले, कुंड्यावाले लेकराबाळांसकट आले. शेवटी एक गाडी आली. आधी मुकादम उतरला, मग मावशी आणि त्यांच्या बरोबरच्या बाया. सगळ्यांच्या अंगावर कोऱ्या कपड्यांच्या घड्या तशाच दिसत होत्या.

"गुलाबाकडची माणसं आली!" वहिनी ओरडली, जणू मुलीकडचीच मंडळी आली आहेत.

ताटं वाढली. बाकी सगळे जेवायला लागले, पण गुलाबाकडच्या एकीनंही घासाला हात लावला नाही. सगळ्या मुकादमाकडे बघत होत्या. त्यानं मान हलवली, तेव्हा कुठे त्या जेवू लागल्या. मला इतका संताप आला की त्या मुकादमाला उचलून खताच्या खड्ड्यात टाकावंसं वाटलं. वहिनीच्या नियमावर त्यानंतर मी कधी कुरकुरलो नाही.

"त्याला त्या चष्मेवाल्या काकूंशेजारी बसव," वहिनी माझ्या कानात पुटपुटली, "आणि पोटभर वाढ."

काकू वहिनीच्या लांबच्या नात्यातल्या असतील असं मला वाटलं. मी वाढत राहिलो, काकू कौतुक करत राहिल्या.

"एवढी माणसं सांभाळायची म्हणजे कमालच की! पळून नाही जात कुणी?"

मुकादम फुगला. "पळतील कशी? ओळखपत्रं साहेबांच्या कपाटात, फोन माझ्याकडे. उचल घेतलीय ना त्यांनी! ती फिटेपर्यंत फाटकाबाहेर पाऊल नाही."

"आणि फिटते कधी?"

"फिटू देतो होय!" म्हणून तो स्वतःच हसला.

काकूंनी शांतपणे हात पुसले. "मी कामगार खात्यात अधिकारी आहे. जेवण होऊ द्या तुमचं, मग आपण दोघं साहेबांकडे जाऊ. माझी माणसं तिथं पोचलीच असतील."

मुकादमाचा घास ना आत जाईना, ना बाहेर येईना.

"अजून थोडं वाढू?" मी विचारलं. इतक्या प्रेमानं मी आजवर कुणालाच वाढलेलं नाही.

मग काकू बायांसमोर उभ्या राहिल्या. "ही उचल कायद्यात बसत नाही. तुम्ही कुणाचं काही देणं लागत नाही. ओळखपत्रं आणि फोन आज तुम्हाला मिळवून देते. काम करायचं की नाही, कुठं करायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

मग त्यांच्यातली एक जण हसली, दुसरीनं डोळ्यांना पदर लावला, आणि तिसरीनं मला हाक मारली, "अहो भाऊ, इकडं कुणी वाढणार आहे की नाही?" आणि त्या नव्यानं जेवायला बसल्या. आता मुकादमाकडे कुणीच बघत नव्हतं. बोलणं, हसणं, सांडलवंड, नुसता कल्ला चालला होता.

मावशी मात्र हात धुऊन बागेच्या फाटकाशी गेल्या. फाटक सताड उघडं होतं, तरी त्या थांबल्या.

"जाऊ?" त्यांनी मागं वळून विचारलं.

"मला काय विचारता, मावशी?" वहिनी म्हणाली.

मी टेम्पोची किल्ली काढली. काकू म्हणाल्या, गाडीतून सोडते. वहिनी तर चपला घालून बरोबर निघाली.

"नको," मावशी म्हणाल्या. "बसनं जाते. एकटी."

त्यांनी पदर खोचला, फाटक ओलांडलं आणि भराभर चालू लागल्या. माझे डोळे भरून आले होते, पण तोंडावरचं हसू काही जात नव्हतं.

"परत कधी येणार, मावशी?" वहिनीनं आपलं सवयीनं विचारलं.

मावशी रस्त्याच्या मधोमध थांबल्या. जरा विचार केला, आणि तो करताना त्यांना भारी मजा वाटत होती.

"ते मी अजून ठरवलं नाही!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की इस्पितळाच्या खिडक्यांतून माणसं डोकावली. मग आमच्याकडे पाठ करून त्या चालायला लागल्या.